एका कॉटचा हिशेब

महाविद्यालयाच्या वसतिगृहासाठी माजी विद्यार्थ्यांकडून निधी उभा करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत नावं निघू लागतात. कोण कारखान्याचा संचालक आहे, कोणी पुण्यात बांधकामाच्या धंद्यात नाव काढलं आहे, कोण अमेरिकेत स्थायिक झाला आहे. नव्या इमारतीचं अंदाजपत्रक टेबलावर असतं, त्यावरचा आकडा कोटीत असतो आणि त्या आकड्यापुढे खेड्यातल्या माध्यमिक शिक्षकाचे हजार रुपये कुणी मोजायलाही जात नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यात, निधी गोळा करण्याचं हे काम करताना माझं मत मात्र दुसऱ्या बाजूला पक्कं झालं आहे. वसतिगृहात राहून गेलेल्या प्रत्येकाचा छोटा पण दरवर्षीचा वाटा आधी ठरावा, मोठ्या देणगीदाराकडे त्यानंतर जावं. हा क्रम उलटा झाला की इमारत उभी राहते, वसतिगृह चालत नाही. मग पाच-सात वर्षांत वरचा मजला कुलूपबंद, पाण्याची टाकी गळकी आणि मेस बंद अशी अवस्था येते. उद्‌घाटनाचा फोटो मात्र कार्यालयात लावलेला असतो.

गरज कुठे आहे ते आधी पाहावं लागेल. क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. १७,०४८ चौरस किलोमीटर, १४ तालुके. उत्तरेला प्रवरा-गोदावरीचे कालवे, ऊस, लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना आणि कारखानदारीच्या आधाराने वाढलेल्या शिक्षणसंस्था. दक्षिणेला जामखेड, कर्जत, पाथर्डी, शेवगाव, पारनेर हा पर्जन्यछायेतला मुलूख, कोरडवाहू ज्वारी-बाजरीचा, आणि पाथर्डी-जामखेडच्या बाजूने दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन निघणाऱ्या ऊसतोड मजुरांचा. पश्चिमेला अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या आदिवासी वाड्या. जामखेडहून नगर शहर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर आहे. रोज एसटीने येऊन-जाऊन पदवी घेता येईल असं कागदावर म्हणता येतं, पण सकाळचं प्रॅक्टिकल, चुकलेली गाडी आणि फाट्यापासून वस्तीपर्यंतची पायपीट यांतच दिवस सरतो. म्हणून मुलं शहरात खोली शोधतात. कॉट-बेसिसची ही खोली ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दहा बाय बाराच्या जागेत चार लोखंडी कॉट, कॉटखाली पेटी किंवा बॅग, दोरीवर न वाळलेले कपडे, एकाच पॉइंटला लावलेले चार चार्जर आणि अभ्यासाचं टेबल म्हणून मांडीवर घेतलेली उशी. भाडं आगाऊ, लाईटबिल वेगळं, डब्याचे पैसे वेगळे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ झाली. निर्णय चांगलाच आहे. पण पाथर्डीच्या मुलीची फी माफ झाली तरी ती नगरला राहणार कुठे आणि जेवणार काय, हा खर्च तसाच उरतो आणि बहुतेक घरांत मुलीचं शिक्षण थांबवणारा निर्णय त्याच खर्चापाशी होतो.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही आणि उत्तरही नवं नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजासाठी वसतिगृहं निघाली, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. तिथे जागा, इमारत आणि मदत द्यायला राजा होता. भाऊराव पाटील स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेले, आणि पुढे त्यांनी जे उभं केलं त्याच्यामागे राजा नव्हता. १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग सुरू झालं, १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी मंगळसूत्रापर्यंत दागिने मोडले, हे सगळ्यांना माहीत आहे आणि प्रत्येक भाषणात सांगितलं जातं. निधीच्या कामात असलेल्या माणसाने त्याच्याइतकंच दुसऱ्या गोष्टीकडे बघायला हवं, ती म्हणजे घरोघरून जमवलेलं मूठभर धान्य. दागिने एकदाच मोडता येतात. मूठभर धान्य रोज बाजूला काढता येतं, आणि ते काढणाऱ्या बाईला त्या बोर्डिंगातली मुलं आपली वाटू लागतात. १९४८ नंतर खेर मंत्रिमंडळाच्या काळात रयतचं सरकारी अनुदान बंद झालं तेव्हा संस्था मोडून पडली नाही, कारण तिचा भार एका तिजोरीवर नव्हता. भाऊराव लोकांकडे गेले, लोकांनी दिलं, गाडगेबाबांनी शब्द टाकला आणि पुढे अनुदानही पूर्ववत झालं. आपल्या जिल्ह्यात कर्जतचं दादा पाटील महाविद्यालय, श्रीरामपूरचं बोरावके महाविद्यालय, कोपरगावचं सद्‌गुरू गंगागीर महाराज महाविद्यालय ही त्याच झाडाची फळं आहेत. राळेगणसिद्धीतही इतर शाळांत नापास झालेल्या मुलांसाठी शाळा आणि वसतिगृह उभं राहिलं ते गावकऱ्यांच्या श्रमदानातून. एका धनवंताच्या चेकवर ते उभं राहिलं असतं तर त्या मुलांना गावाने तितकं आपलं मानलं असतं का, याची मला शंका आहे.

आता हिशेब. समजा ६० कॉटचं वसतिगृह आहे. जेवण, वीज, पाणी, स्वयंपाकी, पहारेकरी, डागडुजी हे सगळं धरून येणाऱ्या खर्चातला जो भाग मुलाच्या घराला झेपत नाही, तो महिन्याला १,५०० रुपये धरू. वर्षाचे दहा महिने चालणाऱ्या वसतिगृहात एका कॉटमागे १५,००० आणि ६० कॉटमागे ९ लाख रुपये दरवर्षी कुणीतरी भरायचे आहेत. इमारत कितीही देखणी असली तरी हे ९ लाख ती देत नाही. उलट जितकी मोठी इमारत तितका रंग, वायरिंग आणि ड्रेनेजचा खर्च जास्त. हे पैसे व्याजातून काढायचे म्हटले तर ७ टक्क्यांनी साधारण १ कोटी २९ लाखांची कायम ठेव लागेल. इतकी ठेव पहिल्या दिवशी कुणी देत नाही, कारण ठेवीवर नाव कोरता येत नाही. दुसरा रस्ता बघा. तीन वर्षांच्या पदवीसाठी राहणारी ६० मुलं धरली तर दरवर्षी वीस जण बाहेर पडतात, तीस वर्षांत सहाशे. त्यांतल्या निम्म्यांचाच पत्ता लागला तरी तीनशे. त्यांनी महिन्याला २५० रुपये दिले, तर वर्षाचे बरोबर ९ लाख होतात. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. आपल्या वसतिगृहाचे घालून कुणीही हा हिशेब करून पाहावा. महिन्याला अडीचशे रुपये जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला, बँकेतल्या क्लार्कला, एसटीच्या वाहकाला, चार गाईंचं दूध डेअरीला घालणाऱ्याला अवघड नाहीत. अवघड आहे ते त्यांच्यापर्यंत पोचणं, आणि दरवर्षी पोचत राहणं. निधी गोळा करणाऱ्याचं खरं काम तिथे आहे.

यावर जाणकारांचा आक्षेप असतो की जगभरातला अनुभव वेगळं सांगतो. अमेरिकेतल्या महाविद्यालयांत ग्रीक अक्षरांची नावं घेतलेले विद्यार्थ्यांचे बंधुसंघ असतात, त्यांची स्वतःची राहण्याची घरं असतात आणि नवं घर बांधायचं तर माजी सदस्यांकडून निधी जमवला जातो. तिथली शिस्त अशी की मोहीम जाहीर करण्यापूर्वी मोजक्या मोठ्या देणगीदारांना गाठायचं, मोठा हिस्सा त्यांच्याकडून पक्का करून घ्यायचा, पाच वर्षांत हप्त्याने देण्याची वचनं लिहून घ्यायची आणि मग बाकीच्यांपुढे जायचं. पद्धत विचारपूर्वक बसवलेली आहे आणि तिथे ती चालते. पण ती का चालते हे पाहिलं पाहिजे. तिथे घराची मालकी बहुधा माजी सदस्यांनी नोंदवलेल्या संस्थेकडे असते, आणि राहणारा विद्यार्थी पूर्ण भाडं देतो. त्या भाड्यातून कर, विमा, डागडुजी, कर्जाचा हप्ता भागतो. म्हणजे तिथे अडचण इमारतीची, चालवण्याची नव्हे. आपल्याकडे नेमकं उलट आहे. इमारत आमदार निधीतून, कुणाच्या स्मृतिप्रीत्यर्थ, एखाद्या योजनेतून कशीतरी होते, पण ऊसतोड मजुराच्या मुलाकडून पूर्ण भाडं घ्यायचं तर वसतिगृह काढायचंच कशाला? म्हणून तिथली वचनपत्रं, हिशेबाची शिस्त, देणगीदाराशी वर्षानुवर्षं ठेवलेला संपर्क हे सगळं घ्यावं. मोठ्यांना आधी गाठण्याचा क्रम मात्र आपल्या कामाचा नाही.

मोठ्या देणगीदारावर सुरुवातीलाच भिस्त ठेवण्यात दुसरी अडचण आहे आणि ती पैशाची नाही. ज्याने एकट्याने निम्मी इमारत दिली त्याचा शब्द प्रवेशाच्या यादीपर्यंत येतो. आधी नाव, मग अर्धपुतळा, मग आमच्या गावच्या दोन मुलांना घ्या, मग आमच्या समाजाचं बघा. माणूस वाईट असतो असं नाही. गावाकडून त्याच्यावरही दबाव असतो, आणि नगरसारख्या जिल्ह्यात शिक्षणसंस्था, कारखाना, बँक आणि निवडणूक यांचे धागे एकमेकांत इतके गुंतलेले असतात की देणगी कुठे संपते आणि हक्क कुठे सुरू होतो हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. शाहू महाराजांच्या काळात समाजवार वसतिगृहं ही गरज होती, कारण एका पंगतीत बसायला माणसं तयार नव्हती. आज त्याच वाटेने पुन्हा जाण्याचं कारण नाही. भाऊरावांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकाच पंगतीत जेवत, आणि त्या पंगतीचं मोल त्या मुलांच्या पुढच्या आयुष्यात दिसलं. तीनशे जणांनी मिळून चालवलेल्या वसतिगृहात गरज आणि गुण पाहून प्रवेश देता येतो, कारण तिथे कुणाचाही एकट्याचा शब्द चालत नाही. आणि एकाने हात आखडता घेतला, कुणाचा धंदा बसला, कुणी वारलं, तरी मेस बंद पडत नाही.

कामाच्या पद्धतीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण बहुतेक मोहिमा इथे फसतात. सुरुवात व्हॉट्सॲपच्या ग्रुपपासून होऊ नये. सुरुवात वसतिगृहाच्या जुन्या प्रवेश नोंदवहीपासून व्हावी. कापडी बांधणीचं, कोपरे झिजलेलं ते रजिस्टर बहुतेक ठिकाणी कपाटाच्या खालच्या कप्प्यात सापडतं. रकाने साधे असतात. नाव, गाव, तालुका, पालकाचा धंदा, खोली नंबर, अनामत रक्कम, अनामत परत घेतल्याची सही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर यशस्वी झालेले आणि बोलके असतात. रजिस्टरमध्ये सगळे असतात. पालकाच्या धंद्याच्या रकान्यात ‘शेती’, ‘मजुरी’, ‘शेती व मजुरी’ असं पानामागून पान लिहिलेलं वाचलं की हे वसतिगृह कुणासाठी होतं ते कळतं, आणि निधीचं पत्रक कुणाच्या भाषेत लिहावं तेही कळतं. एका खोलीत राहिलेले चार जण शोधायचे. त्यांतला एक सापडला की बाकीचे तीन तो शोधून देतो, आणि पैसे मागायचे ते त्यानेच. प्राचार्यांच्या सहीच्या पत्राला जे उत्तर येत नाही ते रूममेटच्या फोनला येतं. मागण्याची वेळही माणसागणिक वेगळी. नोकरदाराला दर महिन्याला बँकेतून आपोआप रक्कम जाणं सोयीचं, पण शेतकऱ्याला उसाचं बिल जमा झालं की किंवा कांद्याची पट्टी हातात पडली की विचारावं, आणि ज्या वर्षी पाऊस नाही त्या वर्षी त्याच्याकडे मागू नये, नुसती खुशाली विचारावी. पुढच्या वर्षी तो स्वतःहून देतो. ज्यांना पैसे देणं जमत नाही त्यांच्याकडून धान्य घ्यायला लाजू नये. ज्वारीचं एक पोतं मेसच्या कोठीत आलं तर त्याचीही पावती फाडावी, रकमेच्या जागी वजन लिहावं आणि वार्षिक अहवालात पैसे देणाऱ्यांच्या बरोबरीने त्याचं नाव छापावं.

पावती आणि हिशेब यांत कसूर झाली की काम संपतं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचे हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे जातातच, पण देणाऱ्याला ते कधी दिसत नाहीत. वर्षातून एकदा एका पानावर, किती आले, कशावर गेले, किती मुलं राहिली, किती शिल्लक आहे, एवढं त्याच्या हातात पडलं पाहिजे. कायम ठेवीसाठी दिलेली रक्कम त्याच कामासाठी आहे असं देणाऱ्याकडून लेखी घ्यावं लागतं, ते न घेतल्याने पुढे अडचणी येतात. परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांच्या बाबतीत नागरिकत्व आधी विचारावं. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बँक खात्यातून दिलेली देणगी सरळ घेता येते. तिथलं नागरिकत्व घेतलेल्याची देणगी परकीय योगदान ठरते, तिला वेगळी नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं वेगळं खातं लागतं. आणि करसवलतीवर फार विसंबू नये. ८०जीचं आमिष पूर्वी चालायचं. नव्या करपद्धतीत ती वजावट मिळत नाही, आणि नोकरदारांपैकी अनेक जण आता त्याच पद्धतीत आहेत. शिवाय २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला जुन्या पद्धतीतही वजावट नव्हतीच. कर वाचवण्यासाठी देणारा कर वाचेनासा झाला की थांबतो. ज्या कॉटवर आपण झोपलो तिच्यासाठी देणारा थांबत नाही. आणखी एक अनुभव. महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण आहेत, त्यामुळे समितीची भेट जवळ आली की मेळावे भरतात, फेटे बांधले जातात, संघाची नोंदणी होते. भेट झाली की फोन बंद. माणसांना हे कळतं. मूल्यांकनासाठी बोलावलेला माजी विद्यार्थी पुढच्या वेळी वसतिगृहासाठी बोलावलं तरी येत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

‘आम्ही तेव्हा वसतिगृहाची फी भरली होती, आता पुन्हा कशाला?’ हा प्रश्न वारंवार येतो आणि तो प्रामाणिक असतो. त्याला चिडून उत्तर देऊ नये. त्या वर्षांचं वसतिगृहाचं जमाखर्चाचं पान काढून दाखवावं. फीमधून काय भागत होतं, आणि जागा, भिंती, स्वयंपाकघर कुणी दिलं होतं, हे त्या पानावर दिसतं. आपण ज्या कॉटवर राहिलो तिचा पूर्ण खर्च आपण दिला नव्हता. तो अनोळखी लोकांनी दिला होता, त्यांतले बरेच आता हयात नाहीत. त्यांना परत करता येत नाही म्हणून पुढच्याला द्यायचं, इतकं हे सरळ आहे. पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने ग्रामीण मुलांच्या कित्येक पिढ्यांना याच विचाराने सांभाळलं. तिथे विद्यार्थी खर्चाचा काही भाग देतो, काम करतो, बाकीचा भार समाज उचलतो, आणि राहून गेलेल्यांचं माजी विद्यार्थी मंडळ समितीच्या कामात हात लावतं. मदत घेताना मान खाली जात नाही आणि पुढे देताना उपकाराचा आव येत नाही, ही तिथली रीत आपल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी उचलण्यासारखी आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. हे सगळं सरकारचं काम नाही का? आहे, आणि ते सरकारकडून करून घेतलंच पाहिजे. समाजकल्याणची आणि आदिवासी विकासाची वसतिगृहं आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासाठी वर्षाला ठिकाणाप्रमाणे ६०,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळते. पंजाबराव देशमुखांच्या नावाने निर्वाह भत्ता आहे. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये आली, तिच्या पहिल्या टप्प्यात पाथर्डी आणि जामखेड हे तालुके होते. हा हक्क आहे आणि माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीमुळे तो कमी होता कामा नये. वसतिगृहाच्या कार्यालयाने प्रत्येक मुलाचा अर्ज भरून घेणं, कागद पुरे करणं हेही निधीच्याच कामात धरावं. जिथे शासनाचे पैसे मिळतात तिथे वर्गणीचे खर्चू नयेत. पण अनुदान मंजूर होऊन खात्यात येईपर्यंत मुलाला रोज दोन वेळा जेवावं लागतं, आणि कोणत्या तरी एका कागदाअभावी कोणत्याच योजनेत न बसणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. बाप वारला आहे पण जमीन अजून आजोबांच्या नावावर आहे, आई माहेरी राहते, उत्पन्नाचा दाखला काकाच्या घराचा निघतो. अशा मुलासाठी लगेच निर्णय घेऊ शकणारी जागा म्हणजे राहून गेलेल्यांनी चालवलेला निधी. या निधीची खरी गरज अशा मुलांसाठीच आहे.

सर्वांत कठीण मुद्दा मुलींच्या वसतिगृहाचा आहे. जुन्या बोर्डिंगांत राहिलेले बहुतेक पुरुष. त्यांच्या आठवणी मुलांच्या वसतिगृहाच्या, त्यांची कृतज्ञता त्या इमारतीशी, तिथल्या गृहपालांशी आणि फीस्टच्या रात्रींशी बांधलेली. आज निकड मुलींच्या वसतिगृहाची आहे, कारण गावाबाहेर राहण्याची सुरक्षित सोय झाली नाही तर मुलाचं शिक्षण लांबतं, मुलीचं लग्न ठरतं. पण मुलींच्या वसतिगृहात राहून गेलेल्या, कमावत्या आणि स्वतःच्या पैशाचा निर्णय स्वतः घेणाऱ्या माजी विद्यार्थिनी संख्येने अजून कमी आहेत. म्हणजे जिथे गरज जास्त तिथे देणारे कमी. माझं म्हणणं असं की मुलांच्या वसतिगृहात राहिलेल्यांच्या वर्गणीतला ठरावीक हिस्सा पहिल्या दिवसापासून मुलींच्या कॉटसाठी राखून ठेवावा आणि तसं पत्रकात स्पष्ट लिहावं. काही जण म्हणतात, यामुळे देणारे बिचकतील. माझा अनुभव तसा नाही. ज्या माणसाला आपल्या बहिणीची शाळा आपल्या बोर्डिंगच्या खर्चामुळे सुटली हे ठाऊक आहे, त्याला ही गोष्ट दुसऱ्यांदा समजवावी लागत नाही. आणि नगरने तरी यात मागे राहू नये. याच शहरात मिशनरी मिस सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या, मग १८४८ मध्ये पुण्यात आपली शाळा काढली. सावित्रीबाईंचं शिक्षिका म्हणून प्रशिक्षणही इथलंच.

मोठ्या देणगीदाराला नको म्हणावं असं मी म्हणत नाही. इमारत त्याच्याशिवाय होणारही नाही. पण त्याच्याकडे जाताना तीनशे जणांच्या वर्गणीची यादी आणि मागच्या दोन-तीन वर्षांचा हिशेब हातात असावा. मग बोलणंच वेगळं होतं. तिथे एक चालतं वसतिगृह त्याच्यापुढे असतं आणि त्यात त्याची जागा कुठे, एवढंच ठरायचं असतं. त्याला स्वच्छ सांगता येतं की इमारतीसाठी दिलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा डागडुजीच्या ठेवीत जाईल आणि प्रवेशाच्या यादीत कुणाचाही हस्तक्षेप राहणार नाही. या अटींवर देणारे भेटतात. जे या अटींवर देत नाहीत त्यांच्या पैशाने बांधलेली इमारत नसलेली बरी.

नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही बोर्डिंगात किंवा वसतिगृहात तुम्ही राहिला असाल, तर तिथल्या सध्याच्या गृहपालांना फोन करा. एका कॉटचा वर्षाचा खर्च किती येतो आणि त्यातला किती मुलाच्या घराला झेपत नाही ते विचारा, आणि आपला वाटा याच महिन्यापासून पाठवा. तुमच्या खोलीतल्या बाकीच्या तिघांचे नंबर तुमच्याकडे असतील तर तेही त्यांना कळवा.